आपलीच गाडी

पाकिटातून दोन पुस्तिका निघाल्या तेव्हा मुंबईच्या लोकांनी काहीतरी घोळ घातला, असंच रुपचंद फालकला वाटलं. परवाना त्यानं एकच मागवला होता. परदेशात स्वतःची गाडी चालवायची तर असली राखाडी पुठ्ठ्याची पुस्तिका लागते, ती मोटारमालकांच्या संस्थेकडून मिळते, गाडीचे कागद वेगळे, हे तीन महिन्यांच्या पत्रव्यवहारात त्याला पाठ झालं होतं. पहिल्या पुस्तिकेत त्याचा स्वतःचा फोटो होता, मान नको तितकी ताठ. दुसरी त्यानं सहज उघडली, तर आतून प्रमिला त्याच्याकडे बघत होती. कपाळावर मोठं कुंकू, दोन्ही खांद्यांवर पदर, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्याला आता पुरे म्हणते आहे. खाली टाइप केलेलं होतं: प्रमिला रुपचंद फालक, राहणार मेहरूण, जळगाव. मूळ लायसन धुळ्याचं, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्यानं साल पुन्हा वाचलं. चार वर्षं आपल्या बायकोजवळ गाडी चालवायचं लायसन आहे आणि ते आपल्याला पोस्टातून कळतं आहे. दुकानात समोर यावलकडचा कौतिक हा गिऱ्हाईक बसला होता, घासलेला इंपेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, घेऊन. तो काहीतरी विचारत होता. रुपचंदनं दुसरी पुस्तिका मिटून पहिलीखाली सरकवली आणि वर पंपाचा एक लोखंडी फुटव्हॉल्व्ह ठेवला. वाऱ्यानं उडायची काही भीती नव्हती. डिसेंबरच्या दुपारी दुकानात वारा शिरतच नव्हता.

कागद मुंबईला पाठवायचं काम त्यानं प्रमिलाकडेच सोपवलं होतं. तिचं अक्षर टपोरं, आणि अर्ज भरायचा त्याला कंटाळा. म्हणजे त्याच पाकिटात तिनं आपलाही अर्ज घातला असणार, जेवणाच्या टेबलावर, त्याच्या देखत, तो पेपर वाचत असताना. कौतिक गेल्यावर त्यानं एका पंपाच्या मोटरचं वाइंडिंग सोडायला घेतलं. तांब्याच्या तारेचा एकेक पदर निघत गेला आणि त्याला वाटत राहिलं की या सगळ्या प्रवासाचंही असंच काहीतरी आहे, वरून गुंडाळी नीट दिसते आणि आत कुठेतरी जळलेलं आहे. प्रवास ठरला तरी कसा? पावसाळ्याच्या आधी तो कोइमतूरला पंपविक्रेत्यांच्या बैठकीला गेला होता. तिथं मदुरेकडचा एक जाडा विक्रेता जेवताना सांगत होता की त्यानं रामेश्वरमहून बोटीवर आपली गाडी चढवली आणि बायकापोरांना घेऊन लंका फिरून आला. बेट म्हणजे काय, समुद्रातून वर आलेला डोंगर. कडेनं नारळ आणि वाळू, आत शिरलं की चढच चढ, वळणावर वळण. वर थंडी, चहाचे मळे आणि सुट्टी घालवायला आलेले गोरे लोक. रुपचंदनं घरी आल्यावर ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. प्रमिला कळण्याची भाकरी थापत होती. वीस वर्षांच्या संसारात कुठं जाऊ म्हणून तोंडातून शब्द न काढलेली बाई भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणाली, "आपणही जाऊ. आपलीच गाडी नेऊ." तो हसला होता. असली गोष्ट आपोआप बारगळते, या भरवशावर त्यानं हो म्हटलं, मग दुकानात चार लोकांना सांगितलं, आणि सांगितलेलं गावभर झालं. फालकशेठ फियाट घेऊन लंकेला चालले. कुणी येताना सोन्याची वीट आणा म्हणे, कुणी शेपटीची काळजी घ्या म्हणे. रुपचंद सगळ्यांबरोबर हसायचा. मनातल्या मनात मात्र त्या जाड्या माणसाचं एकच वाक्य पुन्हा पुन्हा यायचं, चढच चढ.

कारण रुपचंद फालक आठ वर्षांत एकही घाट चढला नव्हता. हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला घाट लागतो कशाला? भुसावळ सपाट, सावदा-फैजपूर सपाट, केळीचे मळे, कपाशीची रानं, मैलोन् मैल रस्ता पाटीसारखा. औरंगाबादला काम निघालं की त्याची पाठ दुखायची आणि तो एस.टी.नं जायचा. नाशिकला लग्न असलं की रेल्वे. एसटीत घाट सुरू झाला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि झोपल्यासारखं करायचा. पण गाडीनं गिअर टाकला की त्याच्या पायाचा तळवा आपोआप खाली दाबला जायचा, तिथं काही नसलेल्या जागेवर.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. फियाट घेऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची आई शेवंताबाई वेरूळला जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. सकाळी निघाले, पहूरला चहा घेतला, आईनं तिथं पेरू घेतले, फर्दापूर मागं पडलं आणि अजिंठ्याचा घाट लागला. प्रमिला शेजारी, आई मागं माळ ओढत. अर्ध्या चढावर पुढचा ट्रक थांबला. रुपचंदनं ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. नुसता खाली गेला, पाण्यात जावा तसा. इंजिन बंद पडलं. क्षणभर काहीच झालं नाही. गाडी विचार करते आहे असं वाटलं. मग बाहेरचं एक सागाचं झाड पुढं सरकायला लागलं. झाड पुढं जातंय म्हणजे आपण मागं जातोय, हे कळायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बोटं दाराच्या कडीवर गेली, आणि पुढचं आठवतं ते असं की तो रस्त्यावर उभा आहे, गुडघा फुटला आहे आणि हातात दगड आहे. गाडी पंधरा-वीस हात मागं, दरीकडच्या कठड्यापाशी तिरपी थांबलेली. तो धावत गेला आणि त्यानं चाकामागं दगड सरकवला. ट्रकवाले उतरून आले. एकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. आईनं पुढं मरेपर्यंत, येईल त्याला, हेच सांगितलं, "माह्या रुपानं उडी मारली अन् चाकाखाली गोटा लावला, म्हनून आज मी हाये." ऐकून ऐकून त्यालाही ते दिसायला लागलं होतं, स्वतःची उडी, हेतू धरून मारलेली, दगडावर नजर ठेवून. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. दगड लावायच्या आधीच गाडी थांबलेली होती. नंतर आत बसला तेव्हा दोन सीटांच्या मधला हँडब्रेक वर ओढलेला होता. तो आपणच ओढला असणार, असं त्यानं त्या दिवशी स्वतःला सांगितलं आणि आठ वर्षं सांगत राहिला. यंत्राचा माणूस आहे, हात आपोआप गेला असेल. पण हाताला ते आठवत नव्हतं. पेडल खाली गेलेलं तळव्याला आठवत होतं, दाराची थंडगार कडी बोटांना आठवत होती. हँडब्रेक मात्र त्याच्या हातात कधीच आलेला नव्हता.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं पाकीट आलं एवढंच सांगितलं. प्रमिलानं बरं म्हटलं आणि भरिताची वांगी निखाऱ्यावर फिरवत राहिली. किती आली, काय आलं, काही विचारलं नाही. जेवताना तो तिच्या हातांकडे बघत होता. बुटके, घट्ट हात, अंगठ्याला जुनी भाजल्याची खूण. हे हात स्टेअरिंगवर कसे दिसत असतील, हे त्याला डोळ्यांपुढं आणता येईना, आणि न आणताही राहवेना. वर्षातून दोनदा ती धुळ्याला भावाकडे जायची, आठ-दहा दिवस राहायची. आल्यावर सांगायची ते मगनच्या मुलीची शाळा, धुळ्याची धूळ, पांझरेला पाणी नाही. त्यातल्या कुठल्या वाक्यामागं गाडी होती? जेवण झाल्यावर तो मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेला आणि पाण्याकडे न बघता परत आला. विचारायला हरकत काय होती? तू गाडी शिकलीस, सांगितलं नाहीस, एवढं तर विचारायचं. पण हा प्रश्न सरळ पुढं जाईना. तो सुरू झाला की त्या घाटाकडेच वळायचा. ती का शिकली याचं उत्तर त्याला विचारण्याआधीच माहीत होतं, निदान तसं वाटत होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मुंबईवाल्यांची चूक झाली असं मानणं सोपं होतं. पुढचे आठ दिवस तो तिच्यावर बारीकसारीक गोष्टींवरून चिडत राहिला. चहा गोड झाला, इस्त्री नीट नाही, दार वाजवून लावलं. ती ऐकून घ्यायची आणि प्रवासाची बॅग भरत राहायची. स्वेटर, मफलर, लिंबाचं लोणचं.

निघायच्या आधी गाडी एकदा नीट बघून घ्यावी म्हणून त्यानं ती झुलालकडे नेली. झुलाल मूळचा धुळ्याकडचा, पस्तीस वर्षं गाड्यांच्या खाली पडून काम केलेला म्हातारा मिस्त्री. त्यानं दोन दिवस लावून सगळं खोललं, बसवलं आणि हात पुसत म्हणाला, "भाऊ, ब्रेक बठ्ठा नवा शे. आते डोंगरले भ्यावानं काही कारन नही." रुपचंद चमकला. म्हाताऱ्यानं सहज म्हटलं होतं. त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तरी घरी येईपर्यंत तो चढउतार नसलेल्या रस्त्यावर पाच वेळा उगीच ब्रेक दाबून बघत राहिला.

गाडी परदेशी न्यायच्या हमीच्या कागदावर मगनची सही घ्यायची होती, म्हणून रविवारी दोघं गाडीनं धुळ्याला निघाली. एरंडोल, पारोळा, कापूस भरलेल्या गाड्यांची रांग, रस्त्याच्या कडेला बाभळींवर अडकलेले कापसाचे पुंजके. प्रमिला खिडकीतून बाहेर बघत होती. पूर्वी त्याला वाटायचं, तिला रस्त्यात रस नाही. आज दिसलं की समोर बैलगाडी आली, वळण आलं, की तिचा डावा पाय किंचित हलतो, क्लचवर असल्यासारखा. आणि तो गिअर उशिरा बदलतो तेव्हा ती ओठ आवळते. किती वर्षं ती आपलं ड्रायव्हिंग अशी बघत असेल, या विचारानं त्याच्या मानेला घाम आला.

मगन, तिचा धाकटा भाऊ, बोअर मारायचा धंदा करायचा. दारात त्याची जुनी जीप उभी होती. जेवणानंतर प्रमिला भावजयीबरोबर आत गेली तेव्हा रुपचंदनं जीपच्या बॉनेटवर हात ठेवून, जणू जीपबद्दलच विचारतो आहे अशा आवाजात विचारलं, ही इथंच शिकली का. मगन गडबडला. मग दाजींना कळलंच आहे म्हटल्यावर सांगायला लागला. आधी गावाबाहेरच्या मैदानात, मग आग्रा रोडवर. अक्काला सपाटीवर काही शिकायचंच नव्हतं. पहिल्या आठवड्यातच म्हणाली, मला लळिंगच्या घाटात ने. तिथं चढावर जीप थांबवायची, बंद करायची आणि मागं एक बोटभर न सरकता पुन्हा उचलायची, हेच तिनं शंभरदा केलं असेल. ट्रकवाले शिव्या द्यायचे. "का म्हणून विचारलं तर बोलली नाही," मगन म्हणाला. "फक्त म्हणाली, तुझ्या दाजींना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." रुपचंदनं मान हलवली. वाईट वाटेल. रागवतील नाही, हसतील नाही, वाईट वाटेल. हा शब्द दुपारभर त्याच्या अंगात मुंगीसारखा फिरत राहिला.

परत निघताना चौकात जळगावचा रस्ता सोडून त्यानं गाडी आग्रा रोडला घातली. प्रमिलानं एकदा त्याच्याकडे बघितलं. लळिंगचा किल्ला पुढं दिसायला लागला, रस्ता उचलला गेला. दुसऱ्या गिअरवर इंजिन कण्हायला लागलं तेव्हा त्याच्या तळव्याला नेहमीची कळ आली. चढाच्या मध्यावर, कडेला जागा बघून त्यानं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. माल भरलेला एक ट्रक घरघरत शेजारून वर गेला. तो पुरता जाईपर्यंत रुपचंद थांबला.

"अजिंठ्याच्या घाटात मी दगड लावायला उडी मारली नव्हती," तो म्हणाला.

प्रमिला समोर बघत होती. "माहीत आहे."

"मी पळालो."

"हो."

तो इतकी वर्षं ज्याला भीत आला होता ते एका अक्षरात संपलं, आणि संपूनही काही हलकं वाटलं नाही. त्यानं विचारलं, हँडब्रेक मी ओढला होता का. विचारताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. उत्तर होय असावं असं या घडीलाही त्याला वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी ओढला."

मग ती बोलली, एवढ्या वर्षांत बोलली नव्हती इतकं, पण आवाज न चढवता. दार उघडलं आणि सीट रिकामी झाली तेव्हा आधी तिला वाटलं, तो पडला. त्याची चिंता वाटली. मग मागं आई राम राम म्हणायला लागल्या. ब्रेक कुठला, काय, तिला काहीच ठाऊक नव्हतं. गाडी ठेवताना तो काहीतरी ओढतो एवढं बघितलेलं, म्हणून दोन्ही हातांनी ते ओढलं. अंदाजानं. थांबली ती गाडी, नशीब. पुन्हा कधी तसं झालं तर अंदाजावर राहायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं. त्यानं विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "आई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या, आणि तुम्ही ऐकत होतात. तुमचं तोंड बघून सांगवेना." मग म्हणाली, तुम्ही पळालात त्याचं मला एक-दोन वर्षं लागलं, नाही असं नाही. पण पुढं तुम्ही घाटच सोडलात, आणि तुमच्याबरोबर माझाही सुटला. सगळं सपाट झालं. त्या बेटावर गाडी नेली की चढ चुकवायला वाट नाही असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून म्हटलं, जाऊ.

त्याला तिचा राग आला, मग स्वतःचा, मग कुणाचाच येईना. त्यानं किल्ली फिरवली. गाडी उचलताना दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा पुढं गेली. वरच्या पठारावरून वळवून ती दोघं उजेड असतानाच पारोळ्याच्या पुढं आली.

संक्रांतीनंतर दोघं निघाली. मंडपमला सडक संपली. पुढं पुलावर फक्त रेल्वे, म्हणून फियाट मालगाडीच्या उघड्या डब्यावर चढली आणि समुद्र ओलांडून रामेश्वरमला उतरली. तिथून बोट. पलीकडची जमीन बघून रुपचंदला फसवल्यासारखं वाटलं. वाळू, ताड, खुरटी झुडपं, सगळं सपाट, धुळ्याबाहेरच्या माळासारखं. दीड दिवस तो मजेत गाडी चालवत राहिला, एकदा गाणंही गुणगुणला. मग कँडी मागं पडलं आणि डोंगर सुरू झाला. दोन्ही बाजूंना चहाची हिरवी उतरण, रस्ता जेमतेम दीड गाडीचा, वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणानंतर वर तसंच दुसरं. दर वळणाला तो डावीकडे बघायचा, तिच्याकडे. ती आहे ना, तिचा हात कुठं आहे, ती आपल्याकडे बघते आहे का. सातव्या-आठव्या वळणाला रुंद जागा बघून त्यानं गाडी थांबवली, किल्ली काढली आणि तिच्यापुढं धरली.

"तू घे."

प्रमिलानं किल्लीकडे बघितलं. हात पुढं केला नाही. दार उघडून ती खाली उतरली, पदर खोचला आणि खिडकीत वाकून म्हणाली, "मी चालत येते. तुम्ही गाडी वर आणा."

एवढा चढ चालत कसा येशील, असं तो म्हणाला. ती म्हणाली, "मी शेजारी असले की तुम्ही माझ्याकडे बघता. रस्त्याकडे बघतच नाही." आणि चालायलाही लागली.

तो तसाच बसून राहिला. रिकाम्या गाडीत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. उडी मारली तरी आता मागं कुणी राहणार नव्हतं. हे कळल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्यानं गाडी सुरू केली. तिच्या शेजारून जाताना तिनं मान वळवली नाही. एका वळणावर समोरून बस आली, त्याला थांबावं लागलं, गाडी हातभर मागं घसरली. त्यानं हँडब्रेक ओढला, थांबला, घाम पुसला आणि पुन्हा उचलली. पुढच्या तीन वळणांचं त्याला काही आठवत नाही. मग रस्ता आडवा झाला, चहाचं एक टपरीवजा दुकान आलं, थंड धुकं काचेवर आलं. तो पोचला होता. बाहेर येऊन त्यानं गाडीच्या टपावर हात ठेवला. टपरीवाल्यानं चहा पुढं केला, तो त्यानं घेतला आणि घोट न घेता खाली ठेवला. खालचा रस्ता धुक्यात गेला होता. एक गाडी आली, तिच्यात प्रमिला नव्हती. मळ्यातल्या बायका टोपल्या घेऊन आल्या, त्यांत ती नव्हती. तिला दम लागत असेल, चप्पल नवी आहे, वळणावर कुणी बेफाम आला तर. दहा मिनिटं त्यानं कशीबशी काढली. मग गाडी तिथंच सोडून तो खाली चालायला लागला, आधी भराभर, पुढं जवळजवळ धावत.

तिसऱ्या वळणाखाली ती भेटली. चप्पल हातात, स्वेटर कमरेला बांधलेला, चेहरा लाल. त्याला बघून ती थांबली आणि त्याच्या मागं बघायला लागली.

"गाडी?"

"वर आहे."

ती दम घेत कठड्याला टेकली. "मग खाली कशाला आलात? आता तेवढंच पुन्हा चढावं लागेल."

"चढू," रुपचंद म्हणाला, आणि तिच्या हातातल्या चपला स्वतःकडे घेऊन तिचा दम परत यायची वाट बघत उभा राहिला.